चौथी फेरी

"नाशिकला पाणी आहे, हवा आहे, आपला मकरंद आहे," विश्वंभर पुराणिक धावता धावता म्हणाले. "आणि झाशीत काय? मे महिन्यात सेहेचाळीस डिग्री गर्मी. मी अठ्ठ्याऐंशी साली इथे आलो, तेव्हापासून सांगतोय..."

उषाताईंनी मान हलवली आणि वेग किंचित वाढवला.

ड्यूटी नसेल त्या सकाळी दोघं रेल्वेच्या मैदानावर धावत, त्याला दीड वर्ष झालं होतं. निमित्त नवऱ्याच्या शुगरचं. खरा फायदा उषाताईंना तिसऱ्याच दिवशी कळला. विश्वंभरराव मालगाडीचे गार्ड. शेवटच्या डब्यात एकट्याने बसून जे साठे, ते सगळं घरी येऊन उतरवत. साध्या प्रश्नाला पाऊण तास. धावताना मात्र पहिल्या फेरीला भाषण, दुसरीला चार वाक्यं, तिसरीला एक, आणि चौथीला फक्त खरं असेल तेवढंच. लेक श्रेयाच्या लग्नाला होकार उषाताईंनी चौथ्या फेरीतच काढून घेतला होता.

आता रिटायर व्हायला अकरा दिवस उरले होते. विश्वंभररावांना तडक मुलाकडे जायचं होतं.

दुसऱ्या फेरीत मकरंद आणि हवा गळाली. तिसरीत नुसती गर्मी उरली.

"अहो, आणि माझी शाळा?" उषाताई म्हणाल्या. "चार वर्षांची नोकरी आहे अजून."

चौथी फेरी अर्धी झाली.

"इथे... सगळे... गार्डबाबू म्हणतात."

"मग?"

"नंतर... काय म्हणतील?"

उषाताईंनी वेग कमी केला. दीड वर्षात पहिल्यांदाच.

पुढच्या महिन्याची पाच तारीख. नाशिकचं तिकीट काढलेलं नव्हतं. रेल्वेचं क्वार्टर सोडायचं म्हणून झाशीतच, इलाइट चौराह्यामागे, भाड्याच्या दोन खोल्या पाहून झाल्या होत्या, इतकंच. मैदानाच्या फाटकाशी चहावाल्या जयसिंगने हाक मारली.

"गार्डबाबू, चार दिना सें रोज दिख रए. ड्यूटी नईं का?"

या प्रश्नाचं लांबलचक उत्तर विश्वंभररावांनी वर्षभर मनात घोकलं होतं. पण तिसरी फेरी संपत आली होती, आणि श्वास दोन-तीन शब्दांपुरताच होता.

"रिटायर... हो गया."

"अच्छा," जयसिंग म्हणाला आणि आलं ठेचू लागला. "लौट के चाय पी लिओ, गार्डबाबू."

उषाताई पाच पावलं पुढे होत्या. त्यांनी ऐकलं, मागे वळून मात्र पाहिलं नाही.

बुटक्या भिंतीपलीकडून एक मालगाडी बबीन्याकडे निघाली होती. शेवटचा डबा समोर आला. त्यातला गार्ड बाहेर झुकून स्टेशनाकडे हिरवी झेंडी दाखवत होता. विश्वंभररावांचा हात आपोआप वर गेला. मूठ झेंडीच्या काठीवर मिटावी तशी मिटलेली. डबा दिसेनासा होईपर्यंत त्यांनी हात तसाच वर धरला. पाय थांबले नाहीत. चौथी फेरी सुरू झाली होती.