कन्फ्यूज्ड म्हणजे

“बाई, आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग,” असं दर वर्षी कुणीतरी वर्गात उठून म्हणायचंच. इंग्रजीच्या बाई म्हणायच्या, “ते दिसतंच आहे, बाळा. पण तुला कन्फ्यूज्ड म्हणायचंय.” मग त्या अर्थ फोडून सांगायच्या. ज्याचं काही ठरत नाही, तो कन्फ्यूज्ड. जो एकाला दुसराच समजतो, तोही कन्फ्यूज्ड. आपल्याकडे गोंधळणं वेगळं, गांगरणं वेगळं, बावचळणं तर त्याहून वेगळं. या शब्दाला मात्र सगळंच चालतं. त्याचा आणखी एक अर्थ त्यांना हॉस्पिटलात कळला.

अण्णा, म्हणजे बाईंचे वडील, जन्मभर शिंपीकाम केलेले. साखरेनं त्यांचा उजवा पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. अण्णांनीही तितकंच स्वच्छ सांगितलं, “नको.” डॉक्टरीणबाईंना मराठीचे चार शब्द यायचे, त्यामुळे दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून बाईच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी अण्णांना साधे प्रश्न विचारले. आज वार कोणता?

“इथं कसला वार? रोज सुईवार.”

आपण कुठे आहोत?

“तुमच्या तावडीत.”

बाईंनी हे हसत हसत इंग्रजीत सांगितलं, पण विनोदाला भाषांतर मानवत नाही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाईंकडे बोट दाखवून आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, “ही कोण?”

“ही? ही माझी आई,” अण्णा म्हणाले.

तेवढा शब्द डॉक्टरीणबाईंना येत होता. बाईंना बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, “युअर फादर इज कन्फ्यूज्ड. पेशंट असा असला की त्याचा नकार ग्राह्य धरत नाहीत. तुम्ही मुलगी आहात, तुम्ही सही करा. आज पाय काढला तर वाचण्याची शक्यता आहे.”

आता, बापानं लेकीला आई म्हणणं यात आपल्याला काय वावगं वाटणार? अण्णांची आई गेली आणि पाठोपाठ ही लेक झाली, तेव्हापासून ते तिला आईच म्हणत आले होते. बाईंनी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गप्प राहिलं तर अण्णा वाचत होते. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

धाकट्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, देवानंच सोय केली म्हण. सही कर आणि मोकळी हो.”

मोकळं होणं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! बाई कॉटजवळ येऊन बसल्या.

“काय म्हणाली गं?” अण्णांनी विचारलं.

“तुम्ही कन्फ्यूज्ड आहात म्हणाली.”

“म्हणजे? पोरांना सांगतेस तसं सांग.”

“ज्याचं काही ठरत नाही, तो.”

“माझं तर ठरलंय.”

“किंवा एकाला दुसरंच समजतो, तो. तुम्ही मला आई म्हणालात ना.”

अण्णा खो खो हसले, मग त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं. “आणि तू तिला खरं सांगितलं नाहीस.”

बाईंची मान खाली गेली.

“मी हवाय तुला, हो ना? मलाही तू हवी आहेस गं. पण माझं हे थकलेलं हृदय ऑपरेशनच्या टेबलावर टिकेल, याची तिला तरी खात्री आहे का? आणि टिकलंच, तर दुसरा पायही त्याच वाटेला लागलाय. मला तुकड्यातुकड्यानं नाही जायचं.”

बाईंना त्यांचा राग आला. किती शहाण्यासारखं बोलत होते! जरा बरळले असते, तर काय बिघडलं असतं?

त्या उठल्या आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. आई म्हणण्याचं सगळं सांगितलं, वार आणि तावडी ही अण्णांची थट्टा होती, हेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग खुर्ची ओढून अण्णांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “पाय ठेवला तर जीव जाईल, हे त्यांना कळतंय का, विचारा.”

बाईंनी वर्गातल्या आवाजात विचारलं, एकेक शब्द सुटा करून, डोळे कोरडे ठेवून.

“कळतंय,” अण्णा म्हणाले. “सांग तिला. नको.”

बाईंनी इंग्रजीत सांगितलं. अण्णांच्या नकाराची कारणंही सांगितली, एकही न गाळता. डॉक्टरीणबाईंनी अण्णांचा हात हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला, आणि दुखणं कमी करायचं औषध सुरू करायला सांगून त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

बाई तशाच उभ्या होत्या. अण्णांनी सरकून कॉटवर त्यांच्यापुरती जागा केली.

“आता रड हवं तर,” ते म्हणाले. “मघाशी विचारताना रडली असतीस, तर मला नको म्हणता आलं नसतं.”