समोरचे संवाद

बरबँकच्या त्या हॉलमध्ये वर्कशॉप सुरू होण्याआधी एक कागद मोठ्याने वाचून दाखवतात. ही ऑडिशन नाही, इथे आल्याने काम मिळेल अशी हमी नाही, हे निव्वळ शिक्षण आहे. आम्ही नटमंडळी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावतो. शिकायला आलेला त्यात एकही नसतो. पदरमोड करून यायचं ते समोरच्या खुर्चीतल्या माणसाने आपला चेहरा लक्षात ठेवावा म्हणून, कारण तो कुठल्यातरी मालिकेसाठी नट निवडत असतो. हातात दोन पानांचा सीन मिळतो, एक जोडीदार मिळतो. पार्किंगमध्ये उभं राहून घोकायचं, आत येऊन करून दाखवायचं. तो "वा" म्हणतो. मग घरी जाऊन, आपलाच फोटो छापलेलं आभाराचं कार्ड त्याला टपालाने पाठवायचं.

माझा नवरा मिहरान याचं ग्लेनडेलला बूटदुरुस्तीचं दुकान आहे. त्याला हा प्रकार कधी पटला नाही. तो म्हणायचा, "माझं गिऱ्हाईक बूट शिवून घेतं आणि पैसे देतं. तू बूटही शिवतेस आणि वर पैसेही देतेस."

आर्मेनियात, येरेवानच्या रंगभूमीवर मी राण्या केल्या. इथे माझे उच्चार ऐकले की मला मोलकरीण करतात, फार तर गुंडाची आई. पन्नाशीनंतर तेही आटलं. अशात लॉनी नावाच्या माझ्या वर्कशॉपमधल्या जोडीदाराने बातमी आणली. कॉर्बिन टीग ज्या इस्पितळाच्या मालिकेसाठी नट निवडतो, तिच्यात एक आर्मेनियन आई येणार होती. मुलगा गेल्याचं डॉक्टर तिला सांगतो, एवढाच सीन. पण बाई आमची होती, तिच्या तोंडी आमची भाषा होती. ही भूमिका माझी नाही तर कुणाची? कॉर्बिनने वर्कशॉपमध्ये मला कितीदा तरी पाहिलं होतं आणि दर वेळी "वा" म्हटलं होतं. मला ती भूमिका हवी होती, इतकी की रात्री झोप लागेना.

आणि त्याच्या ऑफिसातून फोन आला. गुरुवारी दिवसभर या म्हणाले. ऑडिशनला बायका येतील, त्यांच्यासमोर डॉक्टरचे संवाद वाचायला कुणीतरी हवंय. तुम्ही जोडीदाराला फार छान साथ देता, असं कॉर्बिन म्हणत होते.

आता यात आनंद मानण्यासारखं काय होतं? पण आमच्या धंद्यात अशी समजूत आहे की त्या खोलीत शिरलं की अर्धं काम झालं. सगळ्या दिवसात कुणीतरी म्हणेलच, तुम्हीही एकदा वाचून दाखवा. माझी नणंद सातेनिक हिने भविष्य बघायला माझा प्यालेला कॉफीचा कप उपडा केला आणि गाळात तिला उघडं दार दिसलं. मिहरानसुद्धा लाहमाजो, आमची खिमा लावलेली पातळ रोटी, घेऊन आला. आशा वेडी असते म्हणतात. आमच्या घरात त्या दिवशी सगळेच वेडे झाले होते.

गुरुवारी मला कॉर्बिनच्या शेजारी, कॅमेऱ्याला लागून बसवलं. कॅमेरा येणाऱ्या बाईवर, माझा फक्त आवाज. एकेक बाई येई, मी तिच्या डोळ्यांत बघून तिचा मुलगा गेल्याचं सांगे. कामचुकारपणा मला जमत नाही. जीव ओतून सांगितलं. डीना नावाची एक बाई "बालेस" हा शब्द म्हणताना अडखळत होती. बालेस म्हणजे माझं लेकरू. तिला बाहेर नेऊन मी तो शिकवला. वर हेही सांगितलं की आमच्या बायका लगेच हंबरडा फोडत नाहीत, आधी हाताशी असेल ती चादर नीट करतात. तिने आत जाऊन तसंच केलं. कॉर्बिन पडद्यावर तिच्याकडे बघत राहिला. शेजारी बसलेल्या माझ्याकडे त्याने मान वळवली नाही.

संध्याकाळी मी लाज सोडून विचारलं, "मी एकदा आईचं वाचू?"

तो वायरी गुंडाळत होता. "हो, का नाही? पण आता कॅमेरा आवरलाय हो. मंगळवारी माझं वर्कशॉप आहे ना, तिथे हाच सीन घेऊन या."

कागद त्याच्या तोंडावर फेकायला हवे होते. मी मंगळवारचं नाव नोंदवलं.

मंगळवारी पुन्हा तो कागद वाचला गेला, पुन्हा माना डोलल्या. लॉनी डॉक्टर झाला. मी रडले नाही. टेबलावरचं कापड सारखं केलं, त्याच्या सुरकुत्या काढत राहिले, आणि मग "बालेस" म्हटलं. येरेवान सोडल्यापासून इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. कॉर्बिनने चष्मा काढून डोळे पुसले.

"ही भूमिका गेल्याच आठवड्यात डीनाला दिली हो," तो म्हणाला. "तुम्ही आधी कुठे होतात?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच आठवत नव्हतं. लॉनी माझ्याकडे बघू लागला. तुमच्या शेजारी, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण पुढची जोडी उभी होती आणि रीत अशी की शेरा मिळाला की आभार मानून बसायचं. मी आभार मानले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी मिहरानने विचारलं, "काय म्हणाला?"

"विचारत होता, तुम्ही आधी कुठे होतात."

मिहरानने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नाही. सुचला असता तर बरं झालं असतं.