शिट्टी ज्याच्या गळ्यात

बलवंताने दुर्बलाला सांभाळून घ्यावे, हे कर्तव्य सर्वांना मान्य असते आणि पुष्कळजण ते पाळतातही. परंतु दुर्बलाने आपली दुर्बलता वेळेवर, स्वच्छ शब्दांत बोलून दाखवावी, याला जे धैर्य लागते त्याचा विचार क्वचितच होतो. हे धैर्य एकट्याच्या बळावर सहसा साधत नाही. ज्या घरात ‘मला आता जमत नाही’ असे म्हणणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, त्या घरातच ते रुजते. असे एक कुटुंब एकदा सुट्टीत डोंगरावर गेले होते. त्या कुटुंबातील सर्वांत वडील माणसाला ते धैर्य सर्वांत शेवटी आले, त्याची ही कथा.

ते वडील माणूस म्हणजे आजोबा. त्यांनी जन्मभर सुतारकाम केले होते. दारे, पलंग, कपाटे, टेबले त्यांच्या हातून घडली आणि जिथे ठेवली तिथे वर्षानुवर्षे उभी राहिली. मात्र जमिनीवर टेकून टेकून उजवा गुडघा झिजला होता. ही गोष्ट आजोबांना ठाऊक होती आणि त्या गुडघ्याला ठाऊक होती. तिसऱ्या कोणाला ती कळू नये, याची त्यांनी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती.

त्याला कारण होते. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचे काम अंगावर असल्यामुळे ते घरी राहिले होते आणि मुलगा, सून व नातवंडे त्यांच्याविना सहलीला गेली होती. परतल्यावर कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर त्याच गोष्टी चालत. तंबूत शिरलेला बेडूक, ओल्या मोज्यांची वाळवण, पप्पांनी करपवलेले सूप. सगळी हसत, आणि आजोबाही त्यांच्याबरोबर हसत; पण ते हसणे उसने होते. या वर्षी त्यांनी मनाशी ठरवले होते की आपण त्या गोष्टींच्या आत असायचे, बाहेर नाही. निघताना मुलाने विचारले, “झेपेल ना, बाबा?” तेव्हा ते फुशारकीने म्हणाले, “न झेपायला काय झालं? तुझ्यासारखा लिफ्टमधून फिरत नाही मी!” एकदा का आपण अडलो, की पुढच्या वर्षी हीच माणसे मोठ्या प्रेमाने आपल्याला टीव्हीसमोर बसवून, डबा लावून निघून जातील, अशी भीती त्यांच्या मनात होती. प्रेमाने केलेल्या त्या सोयीचीच त्यांना धास्ती वाटत होती.

मुलगा लिफ्टदुरुस्तीचे काम करी. सून शस्त्रक्रियागृहात परिचारिका होती. आठ वर्षांच्या नातवाला धाकटी बहीण ‘दादा’ म्हणे, म्हणून सगळेच दादा म्हणत. आणि त्या पाच वर्षांच्या बहिणीचे पाय जमिनीला लागत नसल्यामुळे तिचे नाव भिंगरी पडले होते.

तंबूपासून वर, एका खिंडीपलीकडे, निळे तळे होते. त्या तळ्यात सोडण्यासाठी आजोबांनी नातवाला लाकडाची बोट करून दिली होती. कपाटाच्या दारातून उरलेला भक्कम तुकडा त्यांनी कोरला, काचकागदाने घासून गुळगुळीत केला, वर पॉलिशचे हात दिले. नातू ती बोट रात्री उशाशी घेऊन झोपला होता.

सकाळी सून भिंगरीच्या बुटांच्या नाड्या आवळत होती. “नियम कोण सांगणार?” तिने विचारले.

“मी!” भिंगरीच्या गळ्यात लाल शिट्टी होती. “पुढे मी. माझ्या पुढे कोणी जायचं नाही. पप्पांनीपण नाही.”

“आणि कोणीही ‘मागे’ म्हटलं, की सगळे मागे,” दादा म्हणाला. “का म्हणून विचारायचं नाही.”

आजोबांना हसू आले. “कोणीही? ही चिमुरडी म्हणाली तरी?”

“हो, बाबा,” सून म्हणाली. “आमच्याकडे कालपरवा कामाला लागलेली मुलगी ‘थांबा’ म्हणाली, तरी मोठे डॉक्टर हात थांबवतात. कारण नंतर.”

“माझ्या लिफ्टमध्येही तसंच,” मुलगा सॅक पाठीवर घेत म्हणाला. “एक माणूस जास्त झाला, की सगळे थांबतात. फरक एवढाच, की तिथे त्यावरून भांडणं होतात.”

आजोबांनी मान डोलावली. पण मनातून त्यांना हा सारा पोरखेळ वाटला. प्रवासाचा पुढारी कर्ता माणूस असावा, हातात शिट्टी असलेले पोर नव्हे, असे त्यांचे मत होते.

वाट रानातून चढू लागली. भिंगरी पुढे, तिच्यामागे दादा, मग मुलगा, मग आजोबा आणि शेवटी सून. भिंगरी दर वळणावर थांबे. कधी गोगलगाय भेटे, कधी पिसासारखे पान. प्रथम आजोबा वैतागले. “अगं, अशाने आपण पोचेपर्यंत तळं आटून जाईल!”

“आटलं तर बोटीला चाकं लावू,” मागून सून म्हणाली.

परंतु थोड्याच वेळात आजोबांचे मत पालटले. गुडघ्यात कळ येऊ लागली, आणि प्रत्येक गोगलगाय त्यांना देवाने धाडल्यासारखी वाटू लागली. भिंगरी थांबली नाही, तर ते स्वतःच काहीतरी शोधून काढू लागले. “हे बघ, हे बघ, केवढी रांग! नीट बघ हो, घाई नको.”

“आजोबा,” भिंगरी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “मुंग्याच आहेत त्या. मघाच्याच.”

“मघाच्या त्या वेगळ्या. या त्यांच्या चुलत बहिणी.”

सर्वजण हसले. सून हसली नाही. पण तेव्हा आजोबांची तिच्याकडे पाठ होती.

रान संपले आणि समोर उघडा, निसरड्या खड्यांचा चढ आला. वर खिंड स्पष्ट दिसू लागली. ती दिसताच भिंगरी आपल्या नावाला जागली. गोगलगायी विसरून ती बकरीच्या पिलासारखी उड्या मारीत सुटली, मागोमाग दादा, आणि दोघांना सांभाळायला मुलगा. आजोबा मात्र एकेक खडा चाचपत होते. एका ठिकाणी पाय टेकवताच गुडघा आतून सरकल्यासारखा झाला. ते मटकन एका दगडावर बसले. कपाळावर घाम आला. पाऊल पुन्हा टेकवून पाहिले, तर मांडी थरथरू लागली.

वरून नातवाचा आवाज आला, “आजोबा, इथे वारा येतोय! तळ्याचा वारा! या ना लवकर!” त्याने बोट दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. पॉलिश उन्हात चमकत होते.

आजोबांनी त्या बोटीकडे पाहिले आणि मग आपल्या पायाकडे पाहिले. मुकाट्याने उठावे, दात आवळून वर जावे, उतरताना जे होईल ते होवो, असे एक मन म्हणत होते. परंतु ते कारागीर होते. पाय डगमगणारी खुर्ची त्यांनी आयुष्यात कधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ दिली नव्हती. आज तशा खुर्चीसारखे आपणच या लेकरांच्या वाटेवर उभे राहणार होतो, हे त्यांना उमगले. या चढावर आपण कोसळलो, तर एकटे कोसळणार नव्हतो. हे सारे क्षणभरात मनात आले. पण तो शब्द ओठांवर यायला फार वेळ लागला. तो उच्चारणे म्हणजे पुढच्या वर्षीचा टीव्ही आणि डबा आपल्याच हाताने मागून घेणे होते.

“मागे,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की तो आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. ते पुन्हा म्हणाले, “मागे!”

भिंगरीने लगेच शिट्टी फुंकली. मुलगा थांबला. दादा खिंडीपासून हाकेच्या अंतरावर होता. त्याने एकवार वर पाहिले, एकवार खाली पाहिले. त्याचे तोंड उघडले, त्यातून ‘का’मधला नुसता ‘क’ निघाला, आणि त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मग त्याने खिंडीकडे पाठ केली आणि तो खाली उतरू लागला. डोळ्यांत पाणी होते. पण पावलांत रुसवा नव्हता. मुलाने आजोबांना खांदा दिला, सुनेने सॅकमधली पट्टी काढून गुडघा बांधला, आणि सगळे हळूहळू माघारी वळले. वाटेत कोणी एका शब्दाने ‘का’ विचारले नाही. त्या लहानग्या मुलाने आपले तळे ज्या निमूटपणे पाठीमागे टाकले, ते पाहून आजोबांचे मस्तक मनातल्या मनात त्याच्यापुढे लवले.

तंबूजवळच ओढा होता. पाय सोडून बसल्यावर आजोबा म्हणाले, “चल, बोट इथे सोडून बघू.” दादाने बोट पाण्यावर ठेवली. ती डौलाने एका कुशीवर कलंडली आणि पालथी झाली. सरळ केली, पुन्हा पालथी झाली.

“बाबा, ही बोट आहे की शोकेस?” मुलगा म्हणाला.

“अरे, जन्मभर हलू नयेत अशाच वस्तू केल्या मी,” आजोबा म्हणाले, आणि दिवसभरात प्रथमच मोकळे हसले. मग ते नातवाकडे वळले. “माझ्यामुळे तुझं तळं राहिलं रे.”

“मागच्या वर्षी पुलावर मी ‘मागे’ म्हटलं होतं,” दादा बोट उलटीपालटी करीत म्हणाला. “तो दोरांचा पूल होता, हलायचा. पप्पांना पलीकडे जायचं होतं. खूप जायचं होतं.”

आजोबा थबकले. बेडूक त्यांना ठाऊक होता, मोजे ठाऊक होते, करपलेल्या सुपाची चवसुद्धा ऐकून ऐकून ठाऊक झाली होती. “ही गोष्ट मला कशी कोणी सांगितली नाही?”

“त्यात काय सांगायचं?” दादा खरोखरच गोंधळला. “आम्ही परत आलो.”

थट्टेच्या इतक्या गोष्टी सांगणाऱ्या या घराने एका घाबरलेल्या मुलाची गोष्ट मात्र गोष्ट म्हणून ठेवलीच नव्हती. ती लपवलेली नव्हती. ती कोणाच्या खाती मांडलेली नव्हती, इतकेच. आपण कोणत्या भयाने वर्षभर पोखरून निघालो, आणि ते भय या घरात किती निराधार होते, हे त्यांना दिसले.

सून पट्टी सोडून गुडघा तपासायला बसली. आजोबा हलकेच म्हणाले, “तुला कळलं होतं ना गं?”

“मुंग्यांच्या चुलत बहिणी निघाल्या, तेव्हाच,” ती म्हणाली. “पण ते तुम्ही म्हणायला हवं होतं, बाबा. खिंडीच्या अलीकडच्या वळणापर्यंत मी वाट बघणार होते. तिथे मीच म्हटलं असतं.” तिने गुडघा हळूच दाबून पाहिला. “सूज नाहीये. उद्या तळ्याचं नाव काढायचं नाही. या ओढ्याच्या काठाने, सपाटीवरून, तुम्हाला जमेल तिथपर्यंत. आणि उद्या पुढे तुम्ही.”

“पुढे मी असते!” भिंगरी तंबूतून धावत आली.

“पुढे सर्वांत हळू चालणारा असतो, राणी. आतापर्यंत ती तू होतीस. आज बघ किती पळालीस!”

भिंगरीच्या मनात मोठे युद्ध झाले. आपण मोठ्या झालो याचा आनंद आणि शिट्टी जाणार याचे दुःख, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी उमटले. शेवटी तिने दोरी डोक्यातून काढली आणि आजोबांच्या गळ्यात घातली. “पण गोगलगाय दिसली की थांबायचं. आणि मघाच्याच मुंग्या परत दाखवायच्या नाहीत.”

“नाही दाखवणार, माझे आई,” आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाच माणसे ओढ्याच्या काठाने निघाली. सर्वांत पुढे गळ्यात लाल शिट्टी घातलेले आजोबा होते, आणि त्यांच्या पावलाला पाऊल जुळवीत मागे सगळे घर चालत होते. दादाने बोटीच्या तळाशी एक चपटा दगड सुतळीने बांधला होता. आता तरी ती तरेल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. किती लांब जायचे, हेही ठरले नव्हते. ते गुडघा ठरवणार होता.

अशा वाटसरूंना वाट सदैव सौम्य भेटो. त्यांच्यातील सर्वांत मंद पाऊल सर्वांत पुढे राहो, आणि त्याच्यामागे चालणाऱ्यांच्या मनाला कधी घाई न शिवो.