तिसरं पद विशेष श्रवणीय

आमच्या उज्जैनच्या मराठी लोकांना कौतुक करायला सांगा, एका पायावर तयार. ऐकायला सांगा, की लगेच त्यांना घरची कामं आठवतात. हे मी रागाने म्हणतेय आणि राग अजून उतरलेला नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

माझे सासरे गोपाळकृष्ण टोकेकर, सगळ्यांचे नाना, एके काळी गायचे. पदं स्वतः लिहायचे, चाली स्वतः लावायचे. शहात्तर साली मुंबईला जाऊन त्यांनी एक रेकॉर्ड केली, 'क्षिप्रातरंग' नावाची. आमच्या मराठी मंडळाने त्यासाठी आधीच घरोघर वर्गणी घेतली होती, त्यामुळे पार्सल स्टेशनावर उतरल्याबरोबर घरटी एकेक रेकॉर्ड वाटून झाली. मी लग्न होऊन आले तोवर नानांचं गाणं बंद पडलं होतं. पुढे इंदूरला गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. आता ते कुजबुजतात, तेही अगदी जवळ बसलं तर कळतं.

मतलब, त्यांचा आवाज या जगात कुठे असलाच तर त्या रेकॉर्डवर. मला तो एकदा ऐकायचा होता. माझी सायली मोठी होत होती, तिलाही ऐकवायचा होता. पण टोकेकरांच्या घरात रेकॉर्ड होती आणि वाजवायचं यंत्र नव्हतं. कुणाकडे जाऊन लावू या म्हटलं की नाना हात हलवायचे, राहू दे म्हणून. आणि आमचे अनिलराव म्हणजे वडिलांची सावली. बाबा नको म्हणतात ना, मग कशाला झंझट, एवढंच त्यांचं उत्तर.

पंचाण्णव साली पुण्याच्या एका मासिकात लेख आला. पुन्हा निघायलाच हव्यात अशा दुर्लक्षित तबकड्या, असा विषय. त्यात 'क्षिप्रातरंग'चं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'यातल्या तिसऱ्या पदातली आर्तता आजच्या गायकांना साधणार नाही.' झालं, मंडळ जागं झालं. वीस वर्षं नाना गावात होते, तेव्हा कुणाला त्यांची आठवण नव्हती. पुण्याने म्हटल्यावर मात्र ते एकदम थोर झाले.

मीटिंग आमच्याच बैठकीत झाली, कारण आमच्याकडे चहा फुकट. अध्यक्ष भय्यासाहेब म्हणाले, "ही रेकॉर्ड कॅसेटवर आणायची. मंडळाचं ऐतिहासिक कार्य ठरेल." शरच्चंद्र म्हणजे मंडळाचे विद्वान, कॉलेजातून रिटायर झालेले. ते डोळे मिटून म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगत आलोय. तिसरं पद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं." मग ज्याला त्याला तिसरंच पद आठवायला लागलं. मला वाटलं, काय तरी गायले असतील नाना त्यात. रेकॉर्डच्या पाकिटावर मागे 'तिसरे पद विशेष श्रवणीय' असं छापलेलं आहे, हे मी तेव्हा वाचलं नव्हतं. नाना कोपऱ्यात खाटेवर बसून पेपर वाचत होते. ते नुसते हसले.

पैसा आला भय्यासाहेबांच्या भाच्याकडून. त्या दिवसांत जो तो दुसऱ्याच्या पैशाने सागवान लावत होता. आज पैसे भरा, वीस वर्षांनी झाड तुमचं. भाच्याची तसलीच कंपनी होती. त्यामुळे कॅसेटच्या कव्हरवर भलंमोठं सागाचं झाड आलं, वर भय्यासाहेबांचा फोटो, आणि नाना झाडाच्या बुंध्याशी, पोस्टाच्या तिकिटाएवढे. शरच्चंद्रांनी प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल बरीच माहिती होती.

माझ्याकडे काम आलं चांगल्यात चांगली रेकॉर्ड शोधून आणायचं. मी घरोघर हिंडले. एका घरी ती चंदेरी कागद लावून गणपतीमागे प्रभावळ झाली होती. ते सोडलं तर सगळीकडे रेकॉर्ड एकदम कोरी, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा जसाच्या तसा. किती जपून ठेवलंय लोकांनी, असं मला वाटलं. आता सांगताना माझीच मला कीव येते.

तीन रेकॉर्डी पिशवीत घालून मी फ्रीगंजला सुमीतच्या कॅसेटच्या दुकानात गेले. वरच्या मजल्यावर त्याने रेकॉर्डवरून कॅसेट करायची सोय केली होती. भय्यासाहेब आणि शरच्चंद्र आधीच येऊन बसले होते. नानांना चला म्हटलं होतं, ते आले नाहीत. सुमीतने प्लास्टिक कापलं आणि म्हणाला, "भाभीजी, इसकी तो सील भी नहीं टूटी." मग त्याने सुई ठेवली.

आधी हार्मोनियम वाजली. शरच्चंद्रांनी डोळे मिटले, मान डोलवायला लागले. मग एक भरदार पुरुषी आवाज आला, "हवे जमणो पग उंचो करो. एक, बे, त्रण."

शरच्चंद्र डोळे न उघडता म्हणाले, "सुरुवात जरा वेगळ्या ढंगाची आहे."

"ये तो कसरत है," सुमीत म्हणाला. "गुजराती में."

कुठल्या तरी आखाड्याची व्यायामाची रेकॉर्ड होती ती, वरचं लेबल फक्त नानांचं. छापताना अदलाबदल झालेली. दुसरी बाजू लावली, तीच कसरत पुढे. दुसरी रेकॉर्ड लावली, तिसरी लावली. सगळीकडे तोच माणूस पाय वर करायला सांगत होता. नानांचा आवाज कुठेच नव्हता, आणि वीस वर्षांत गावातल्या एकाही घराला ते कळलं नव्हतं.

भय्यासाहेबांनी घाम पुसला. म्हणाले, "हॉल ठरलाय. पत्रिका वाटल्यात. मंत्र्यांनी वेळ दिलीय."

"पण यात नाना नाहीत," मी म्हटलं.

"सूनबाई, लोक कॅसेट भावनेने घेतात. ऐकतं कोण?"

शरच्चंद्र एव्हाना सावरले होते. म्हणाले, "तसं पाहिलं तर आवाज गौण आहे. स्मृती महत्त्वाची."

त्या माणसाच्या डोक्यात ती कसरतीची तबकडी घालावी असं मला फार वाटलं. पण संस्कार आडवे आले. मी पिशवी उचलली आणि घरी निघून आले.

नानांच्या खाटेशी बसून मी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मला वाकायला लावून कानाशी कुजबुजले, "मला ठाऊक आहे."

पार्सल आलं त्याच आठवड्यात त्यांनी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रेकॉर्ड लावून ऐकली होती. कंपनीला पत्रं घातली, तर कंपनीलाच टाळं लागलेलं. मुंबईतली मूळ टेप कुठे गेली कुणाला माहीत नाही.

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

थांबत थांबत त्यांनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं, उद्या कुणी तरी भांडायला येईल, मग खुलासा करू. पहिले आले शरच्चंद्र. तिसऱ्या पदाने रडवलंत म्हणाले. मग दुसरे आले, तेही तिसऱ्या पदाचंच बोलले. आणि त्यानंतर गाण्याला बोलावणं येईना. गणपतीत नाही, कोजागिरीला नाही. नाना समोर भेटले की लोक म्हणायचे, तुम्हाला कशाला त्रास, रेकॉर्ड आहे ना घरी.

मला भयंकर संताप आला. नाना म्हणाले, "काढू दे त्यांना कॅसेट." यांचं मन विटलंय, असं मी धरून चालले. अनिलरावही नेहमीप्रमाणे म्हणाले, बाबा म्हणतात तसं करू.

समारंभ झोकात झाला. मंत्री सागवानावर बोलले. भय्यासाहेबांनी नानांना शाल दिली आणि फोटो निघेपर्यंत ती स्वतःच्या हातातून सोडली नाही. कॅसेटी हातोहात खपल्या. गाणं लावायला मात्र वेळ उरला नाही, जेवणं थंड होत होती.

मग घरी अभिनंदनाला रीघ लागली. मी पाणी देत होते आणि नानांकडे बघत होते. दारात कुणी आलं की ते ताठ बसायचे, येणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. पाहुणा म्हणायचा, "काय ते तिसरं पद, नाना." तशी नाना पुन्हा उशीला टेकायचे. दर माणसागणिक हेच. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांनी कॅसेट का निघू दिली. ते अजून वाट बघत होते.

एका संध्याकाळी भय्यासाहेब हार घेऊन बसले होते, तेवढ्यात जयूमावशी आल्या. या आमच्या भिंतीपलीकडच्या, रेल्वेतल्या गार्डसाहेबांच्या विधवा. त्यांच्या यजमानांचं मंडळाशी कधीच पटलं नाही, म्हणून त्यांनी वर्गणी दिली नव्हती आणि रेकॉर्ड त्यांच्या घरी कधी गेलीच नाही. आता मुलाने त्यांना टू-इन-वन आणून दिला होता. त्यांनी कॅसेट खाटेवर आपटली.

"नाना, हे काय विकताय तुम्ही? या वयात मी पाय वर करू का?"

भय्यासाहेब गडबडीने म्हणाले, "जयूताई, तुम्ही तिसरं पद ऐका, त्यात..."

"तिसऱ्यात डावा पाय आहे," जयूमावशी म्हणाल्या. "दोन्ही बाजू दोनदा ऐकल्या मी. म्हटलं, कुठे तरी नाना येतील. नवी नवरी होते तेव्हापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून यांचं गाणं ऐकत मी पोळ्या लाटल्या. किती वर्षांनी परत ऐकू येईल म्हणून आशेने लावली, तर हा बाबा मोजतोय एक बे त्रण. ते दिव्याचं पद कुठेय? ते का घातलं नाही?"

नाना सरळ उठून बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. एवढे खूश मी त्यांना माझ्या लग्नापासून पाहिले नव्हते. त्यांनी ओठ हलवले, मी वाकून ऐकलं.

"नाना विचारतायत, कुठलं दिव्याचं?"

"अहो, तेच की." आणि जयूमावशींनी उभ्या उभ्या, पदर खोचलेला तसाच, म्हणून दाखवलं.

*घाटावरच्या दिव्या रे, हळू जरा वाहा*

आवाज चिरका होता, दम पुरत नव्हता. नानांनी जोरात मान हलवली आणि माझ्या कानात सांगितलं. मी जयूमावशींना म्हटलं, "'हळू'वर रेंगाळायचं नाही म्हणतायत. तिथून खाली उतरायचं आणि 'वाहा' सोडून द्यायचं."

त्यांनी पुन्हा म्हटलं. नानांनी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. मग खाटेच्या कडेवर ठेका धरला आणि तोंडाने नुसते शब्द मांडत राहिले, जयूमावशी त्यांच्या ओठांकडे बघत गात राहिल्या. चौथ्या की पाचव्या खेपेला ती ओळ कुठे तरी वळली, आणि नानांनी ठेका थांबवून हो म्हणून मान डोलावली. माझ्या सासऱ्यांचं गाणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

"वा," भय्यासाहेब म्हणाले. "हेच ते. ही आर्तता..."

"भय्यासाहेब, तुम्ही जरा गप्प बसा," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."