जमिनीची भूक आणि एक बादली

मागच्या अंगणात इतकी गर्दी, की कुंपणावरसुद्धा माणसं बसलेली. मध्ये नातवंडांच्या खेळासाठी खणलेला चौकोनी खड्डा, वाळूने काठोकाठ भरलेला. कडेला वाळूबाबा उभे, हातात झाडांना पाणी घालायची नळी. पाणी मंतरलेलं होतं, कारण तोटी बाबांनी स्वतः फिरवली होती.

"भुकेली आहेस ना, माते? घे, घास घे!"

पाणी सुटलं आणि वाळू खरंच खाली बसायला लागली. दोन बोटं... चार बोटं!

"पाय मागे घ्या रे, गिळेल!" शेजारच्या काकू ओरडल्या.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत गणित शिकवणारी ती. लांबी, रुंदी, खोली मोजून वाळू तिनेच मागवली होती. सकाळी खड्डा बरोब्बर भरला. पण अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, काम संपलं की जागा नळीने धुवायची सवय. त्यांनी वाळूही धुवायला घेतली आणि एक कोपरा खचला. ट्रकवाला लगेच म्हणाला, "जमीन भुकेली दिसते. ओळखीचे एक बाबा आहेत."

"उपाय सांगा, बाबा," अप्पा म्हणाले.

बाबांनी काठावर मांडी घातली आणि डोळे मिटले. "आणखी दोन ट्रक वाळू. आणि ते लिंबाचं झाड तोडा. जमिनीचं तोंड त्याच्या मुळाशी आहे."

झाड आईने लावलेलं. ती गेल्यापासून अप्पा रोज त्याच्यापाशी उभं राहून घरातलं सगळं सांगायचे. आता त्यांनीच कुऱ्हाड आणली, पण झाडाकडे बघेनात.

तेवढ्यात बाबांची नळी वळली आणि उरलेल्या वाळूच्या भरल्या बादलीत पाणी गेलं. बादलीतली वाळूही खाली बसली.

ताईचे डोळे चमकले. "बाबा, बादलीला बूड आहे. मग ही वाळू कुणी खाल्ली?"

"जमिनीवर ठेवलीय ना, पोरी. भुकेची लागण होते."

ताईने खड्ड्याच्या न भिजलेल्या कोपऱ्यातून दुसरी बादली भरली आणि स्टुलावर ठेवली. पाणी घातलं, वाळू बसली.

"स्टुलालाही लागण!"

ताईने तिसरी भरून थेट बाबांच्या मांडीवर ठेवली. पाणी घातलं, वाळू बसली.

"आता बोला बाबा, तुमच्या मुळाशी काय तोडायचं?"

कुंपणावरचे दोघं हसता हसता खाली पडले.

"ओलसर वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात," ताई म्हणाली. "मध्ये पोकळी राहते, वाळू फुगलेली दिसते. भरपूर पाणी ओतलं की कण सुटतात आणि पोकळी मिटते. कुणी काही खात नाही. मीच फुगलेली वाळू मोजली. थोडी जास्त मागवायला हवी होती, बस."

"पण मग झाड कशाला तोडायचं?" काकूंनी विचारलं.

"दाजी, निघा आता!" गर्दीतून ट्रकवाला ओरडला. झाड आडवं येतं, ट्रक आत शिरत नाही, म्हणून सकाळपासून कुरकुरत होता तोच हा. बाबा भिजलेल्या धोतरानिशी मेव्हण्यामागे पळाले.

अप्पांनी कुऱ्हाड आत ठेवली आणि झाडापाशी गेले. "ऐकलंस का? पोरगी तुझ्यावर गेलीय."

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायची घाई नको. तोच चमत्कार बादलीत होतो का, बघा. आणि जमलं तर बादली बाबाच्याच मांडीवर ठेवा.