रांगेत पहिले मालक

नळाच्या तोट्या बनवणाऱ्या आमच्या कंपनीत मालकांनी जावयाला कशासाठी ठेवलंय, असं कुणी विचारत नसे. घरी ठेवून उपयोग नव्हता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आधी त्यांना विक्रीवर बसवलं, तर पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं समोरच्या कंपनीच्या दारात जाऊन उभी राहिली. मग कारखान्यात पाठवलं. कारखाना चालवते मालकांची धाकटी मुलगी. तिनं चार दिवस कळ काढली आणि हात जोडले. "भावजी, तुम्ही वर ऑफिसातच बसा. इथं यंत्रं चालू असतात." शेवटी त्यांच्यासाठी कॉम्प्युटर विभाग काढला. विभाग म्हणजे एक खोली, एक पंखा आणि जावई.

रिकाम्या माणसाला खोली मिळाली की त्याला योजना सुचते. जावयांच्या लक्षात आलं, की ऑफिसात ज्याच्या त्याच्या टेबलावर ज्याचा त्याचा लहानसा प्रिंटर आहे. हिशेबवाले हिशेब छापतात, खरेदीवाले खरेदी छापतात, आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

"ही बजबजपुरी आहे," जावई म्हणाले.

त्यांनी अडगळीतला एक कॉम्प्युटर काढून कपाटात बसवला. नेटवर्कवर त्याला स्वतःचा कायमचा पत्ता दिला आणि मालकांच्या केबिनबाहेरच्या बोळात, फ्रीजएवढं एक छापण्याचं यंत्र आणून त्याला जोडलं. या कपाटातल्या कॉम्प्युटरला म्हणायचं प्रिंट सर्व्हर. कुणीही काहीही छापायला दिलं, तरी ते आधी सर्व्हरकडे जाणार, तिथं रांगेत उभं राहणार आणि नंबर लागला की बोळात कागद होऊन बाहेर पडणार. खोटं कशाला बोला, जमलं त्यांना. आयुष्यातलं पहिलंच जमलेलं काम असल्यानं ते तिथं थांबले नाहीत. लहान प्रिंटर एकूण एक भंगारवाल्याला देऊन टाकले आणि हातगाडीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

आता बाकी जगात रांगेत जो आधी आला त्याचं काम आधी होतं. पण सर्व्हरला सांगून ठेवता येतं, की अमक्याचं आधी घे, तमक्याचं मागून घे. ही सोय दिसल्यावर जावयांचे डोळे भरून आले असावेत. या घराण्यात मालकांच्या आधी कुणी गाडीत बसत नाही आणि मालक हसल्याशिवाय विनोद झाला असं धरत नाहीत. जावयांनी तीच शिस्त रांगेला लावली. पहिले मालक. मग मालकांची बहीण, म्हणजे आत्या. मग थोरली मुलगी, म्हणजे जावयांची बायको. मग जावई, मग धाकटी, आणि तळाला आम्ही पगारी लोक.

"भावजी, ताई तर ऑफिसात येतच नाही," धाकटी म्हणाली. "तिचे कागद कुठले यायला?"

"मान असतो."

"कागदाला?"

"नात्याला. तुला नाही कळायचं."

त्यातच एकदा मालकांच्या हातून भलतं बटण दाबलं जाऊन त्यांचंच पत्र रांगेतून उडालं. जावई इतके हळहळले, की रांगेतलं काम रद्द करायचा अधिकार त्यांनी सगळ्यांकडूनच काढून घेतला. मालकांकडूनही. तो फक्त स्वतःकडे ठेवला. मालकांना हे सांगितलं नाही. मोठ्या माणसांना बारीकसारीक गोष्टींचा त्रास कशाला?

मालकांचा पडद्यावर विश्वास नाही. छापलं ते खरं. त्यामुळे ते हवामानसुद्धा छापून घेतात. आमची बिलं पाऊस पडून गेल्यावर निघत. पण आम्ही तक्रार केली नाही. तक्रार छापूनच द्यावी लागते.

मग वार्षिक सभा आली. मालक खुर्ची सोडणार होते आणि आपल्या जागेवर जावयांना बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. धाकटीला का नाही, तर तिच्यावाचून कारखाना कोण बघणार? खुर्चीवर बसायला, त्यांच्या मते, मोकळा माणूस हवा. कंपनीच्या घटनेप्रमाणे ठराव छापील लागतो, आणि सभा उठायच्या आत घरच्या भागधारकांनी, म्हणजे मालक आणि आत्या या दोघांनी, त्यावर सही केली, तरच तो मंजूर. आत्या परदेशी लेकाकडे राहतात, वर्षातून एकदा सभेपुरत्या येतात. त्यांची टॅक्सी खाली उभी होती, सामानासकट. थोरलीनं सकाळी नवऱ्याला दारात थांबवून बजावलं होतं, "आज खुर्ची घेऊनच घरी या."

जावयांनी ठराव छापायला दिला आणि ते यंत्रापाशी जाऊन उभे राहिले. ठराव आला नाही. यंत्रातून एक कागद आला. त्यावर मुठीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्या प्रिय'. पुढच्या कागदावर होतं, 'सहकाऱ्यांनो'.

मालकांचं निरोपाचं भाषण! त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. आयुष्यभरात जे जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्यांनी त्यात घातलं होतं. शिवाय बटण दाबल्याबरोबर कागद हातात पडला नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा दाबलं होतं. आणि आपण मालक आहोत हे आठवून, आणखी पुन्हा. सर्व्हरनं बिचाऱ्यानं प्रत्येक भाषण आज्ञाधारकपणे रांगेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं होतं.

जावयांनी यंत्रात कागदाचा नवा गठ्ठा भरला.

"भरताय काय?" धाकटी बोळात आली. "बंद करा की."

"बाबांचं भाषण आहे."

"आणि तुमचा ठराव?"

"येईल. नंबर लागेल."

"भावजी, आत्या पर्स आवरतेय!"

"गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून आणू का छापून?" आमच्यातल्या हिशेबनिसानं विचारलं.

जावयांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं जणू ठराव भिंतीवर कोळशानं लिहू का असं विचारलं होतं. "कंपनीचा ठराव बाहेरच्या दुकानात? मग हे सगळं मी कशासाठी उभं केलं?"

हिशेबनीस आपल्या टेबलाकडे वळला.

धाकटीनं मग सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. यंत्र गप्प झालं. तिनं ते परत चालू केलं. यंत्र घुरघुरलं, सर्व्हरला आपलं अर्धवट राहिलेलं कर्तव्य आठवलं, आणि कागद आला: 'माझ्या प्रिय'.

"पहिल्यापासून?" धाकटी म्हणाली.

"पहिल्यापासून," जावई म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "मोठ्यांचं काम अर्धवट राहत नाही. तशी व्यवस्थाच आहे."

सभेच्या खोलीतून आत्या बाहेर आल्या. मागोमाग मालक.

"दादा, तुझी चऱ्हाटं थांबव बघू," आत्या म्हणाल्या. "माझं विमान तुझ्यासाठी थांबायचं नाही."

"माझं काय? ठराव मागं अडकलाय हे मला कुणी सांगितलंच नाही," मालक म्हणाले. त्यांनी केबिनमध्ये जाऊन भाषण रद्द करायचं बटण दाबलं. पडद्यावर सूचना आली: आपल्याला हा अधिकार नाही. मालकांनी ती दोनदा वाचली. मग सवयीनं छापायला दिली. तीही रांगेत पुढे जाऊन उभी राहिली.

"माझा अधिकार काढला कुणी?"

"बाबा, तुमच्या हातून चुकून काही जाऊ नये म्हणून..." जावई म्हणाले. "तो मी सांभाळतो."

"मग तुम्ही करा रद्द! आणि या बाईला सही करू द्या."

सगळे कपाटाभोवती जमले. जावयांनी सर्व्हर उघडला. रांगेत वरपासून खालपर्यंत मालक, मालक, मालक, आणि थेट खाली ठराव. त्यांनी पहिल्या भाषणावर बोट नेलं. पडद्यानं विचारलं: मालकांचं काम रद्द करायचं? होय, नाही.

खाली टॅक्सीचा भोंगा वाजला.

लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी सासऱ्यांच्या कुठल्याही गोष्टीला नकार दिला नव्हता. त्यांचा जो काही उत्कर्ष झाला, तो तेवढ्याच भांडवलावर. आता हो म्हटलं तर मालकांना नाही म्हटल्यासारखं होत होतं, आणि मालक म्हणत होते हो म्हणा. एवढा विचार त्यांच्या डोक्याला पेलणारा नव्हता. बोट 'होय'वर गेलं, 'नाही'वर आलं आणि दाबलं गेलं.

"बाबा," ते म्हणाले, "तुमचा शब्द माझ्या हातानं कसा तोडू?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. "बघ," ते बहिणीला म्हणाले, "बघ, असा जावई मिळायला नशीब लागतं."

"लागतं खरं," आत्या म्हणाल्या, "कंपनी पण लागते. मुलगी दिलीस, वर कंपनीही त्याच्याच हाती देऊ नकोस." आणि जिना उतरल्या.

धाकटी आधीच कारखान्यात गेली होती. भट्टी तापली होती, आणि भट्टीला नातं कळत नाही.

सही नाही, ठराव नाही, सभा संपली. मालक आपल्या खुर्चीत जाऊन बसले, नीट सरसावून. खरं सांगायचं तर खुर्ची सोडायचं त्यांच्या जिवावरच आलं होतं. ते फक्त तसं बोलून चुकले होते. "आणखी एक वर्ष मीच बघतो," ते म्हणाले, "एवढ्या प्रेमाच्या माणसांना टाकून जायचं कुठं?" आणि भाषणाचे कागद आत मागवून घेऊन, निरोप वगळून, वाचायला घेतले. आम्ही उभ्यानं ऐकलं.

जावई बोळात यंत्राला कागद भरत होते. त्यांचा फोन वाजला.

"झालं का?" थोरलीचा आवाज आमच्यापर्यंत आला.

"बाबा खूश आहेत," जावई म्हणाले.

"मी खुर्चीचं विचारतेय."

जावयांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. यंत्रातून आलेला ताजा कागद उचलून गठ्ठ्यावर सरळ ठेवला.

"अगं, खूप खूश आहेत," ते म्हणाले.