उदाहरणादाखल दादा

अकरा सेकंद.

पाटी पुसायचा स्पंज वाळला की खडूचे ओरखडे राहतात.

पाऊण इंची.

‘अपुरी असेल तर पूर्ण करा.’ हे वाक्य माझं. मंगळवारी, जेवणाआधी, घाईत लिहिलेलं.

तिसाव्या फाइलमध्ये नुसता श्वास आहे.

बुटकी म्हणजे मी. दादा मला तसं म्हणायचा, म्हणता येत होतं तोवर.

*

आता सरळ सांगते.

मी माहितीपुस्तिका लिहिते. कुठलं बटण दाबलं की काय होतं, ते. या खेपेला ‘कपाट’ होतं: फोटो, आवाज, व्हिडिओ यांच्या फाइली सांभाळणारा प्रोग्राम. फरक एवढाच की ही पुस्तिका एजंट वाचणार होते. एजंट म्हणजे माणूस नव्हे. सोपवलेलं काम स्वतःच्या डोक्याने उरकणारा दुसरा प्रोग्राम.

उदाहरणासाठी मला आवाजाची एक छोटी फाइल हवी होती. ऑफिसच्या कपाटात दादाची पडून होती. घरचा रेकॉर्डर बिघडला तेव्हा मीच ती तिथे उतरवून ठेवली होती.

*कलम ४. उदाहरण. ‘दादा-१’ ही फाइल शोधा. अपुरी असेल तर पूर्ण करा.*

दोन वर्षांपूर्वी दादाचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातून तो श्वास घेतो. माझ्याकडेच राहतो, नळाची कामं अजून करतो आणि गिऱ्हाइकांशी पाटीवर भांडतो. ऑपरेशनच्या सकाळी, आवाज जपून ठेवायचा म्हणून, त्याने एक कागद मोठ्याने वाचला. मी बटण दाबलं तेव्हा त्याचं वाचून झालं होतं. त्यामुळे अकरा सेकंदांच्या फाइलमध्ये एवढंच आलं:

“ए बुटके, चालू होतं ना हे? दिवा दिसला नाही मला.”

“होतं रे, होतं.”

मग स्ट्रेचरच्या चाकांची कुरकुर.

त्याचा उरलेला एकुलता एक आवाज, आणि त्याला चिकटलेली माझी थाप. त्याने कधी ऐकायला मागितली नाही. मीही कधी विषय काढला नाही.

*

गुरुवारी मी घरूनच काम करत होते. दुपारी तीनला मॅनेजरबाईंचा फोन आला.

“अगं, तुझं कलम चार. चाचणीला सोडलेल्या एजंटांनी ते करूनच टाकलंय.”

“करून म्हणजे?”

“पूर्ण करा म्हणालीस ना? केलं बिचाऱ्यांनी. एक्केचाळीस दादा झालेत कपाटात. नाव तेच, तारीख तीच.”

“अहो, उदाहरण होतं ते!”

“ते माणसांना सांग. हे नुसतं वाचत नाहीत बाई, करतात. बरं ऐक, पाचला सफाई आहे. हव्या त्या फाइलवर खूण कर.”

सफाईचं कलमही मीच लिहिलं होतं.

*कलम ७. एकाच नावाच्या फाइलींपैकी खूण केलेली ठेवा, बाकीच्या कायमच्या काढा. खूण नसेल तर सगळ्यांत स्वच्छ आवाजाची ठेवा.*

खरी फाइल सगळ्यांत खरखरीत होती. ती शोधायची तर एकेक ऐकणं भाग होतं. पेन ड्राइव्ह काढून जवळ ठेवला आणि स्पीकर लावला.

पहिल्या काही फाइलींत दादाचं वाक्य तेच, फक्त ‘बुटके’च्या जागी ‘छोटी’. नवव्या फाइलीत दादा विचारतो आणि उत्तरही दादाच देतो: “होतं, चालू होतं.” माझा आवाज गायब. बाविसावीत मी मागे हसतेय. त्या सकाळी मी हसले नव्हते.

तिसावीत नुसता श्वास. छातीतून वर येऊन गळ्याच्या भोकातून सुटणारा. तो श्वास मी रोज ऐकते, पण ऑपरेशनच्या आधी तो नव्हताच.

मी स्पीकर बंद केला. श्वास थांबला नाही.

मागे वळले. दारात दादा उभा होता, हातात पाना, बाह्या ओल्या. त्याने पाटी उचलली.

‘कोण बोलतंय?’

“तूच.”

‘मला न विचारता?’

मी हसायचा प्रयत्न केला. तो स्टूल ओढून बसला. ‘पुढे लाव.’

एक्केचाळिसावी दोन मिनिटांची निघाली. दादाचा आवाज, भरीव, शांत, कुठेही खाकरणं नाही.

“छोटी, मी परत आलो नाही तर घाबरू नकोस. तू लहान होतीस तेव्हा मी तुला फार ओरडलो. ते सगळं विसर. या घरात माझा आवाज नसेल तेव्हा तू गप्प राहू नकोस.”

असं बरंच होतं. दादा मान हलवत होता, प्रत्येक वाक्याच्या किंचित आधी.

‘हेच वाचलं होतं मी,’ त्याने लिहिलं.

“नक्की?”

‘माझा आवाज मला शिकवतेस?’

मग मी सतरावी लावली. ती कधीच सापडली होती. खरखर, आणि: “ए बुटके, चालू होतं ना हे?” माझी थाप. चाकं.

दादा मान कलती करून ऐकत राहिला, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तसा.

‘हा कोण?’

“तूच की रे! बुटके कोण म्हणतं मला?”

त्याने स्पंज ओला करून पाटी पुसली, नीट कोपऱ्यापर्यंत.

‘मी असा किंचाळत नव्हतो. ही नको. ती ठेव.’

पाचला आठ मिनिटं होती. पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत होता. सतरावी त्यात टाकायला दोन सेकंद लागले असते. पण मग ती घरात राहिली असती, आणि तिच्यात मी दर वेळी म्हणत राहिले असते, होतं रे, होतं. एक्केचाळिसावीत माझा आवाज कुठे नव्हताच.

मी एक्केचाळिसावीवर खूण केली. पेन ड्राइव्ह रिकामाच ड्रॉवरमध्ये ठेवला.

पाच वाजता यादी आखडत गेली आणि एका ओळीवर थांबली.

दादा उठला. नळ चालू करून बंद केला, गळतोय का पाहिलं. मग पाटीवर काहीतरी लिहून ती माझ्या टेबलावर उभी केली.

‘छोटी, पाणी घे. दमलीस.’

अक्षर त्याचंच होतं.

*

ऑपरेशनच्या सकाळी दादाच्या खिशात एकच कागद होता आणि त्याने तोच वाचला होता: पाऊण इंची एल्बो चार, सॉकेट दोन, टेप एक, गिऱ्हाइकाची किल्ली परत देणे.